ऋतुजाची मांडी आणि सेहेचाळीसचा आकडा

शांत झाल्यावर लिहायचं, असं मी ठरवलं होतं. आठ महिने वाट पाहिली. शांत काही झाले नाही, म्हणून आता आहे तशीच लिहायला बसले आहे. ज्यांच्या पोराच्या मांडीचं हाड मोडलंय आणि जे आत्ता कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, डॉक्टर काय म्हणाले ते एकमेकांना विचारतायत, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. आमच्या घरातल्यांनी वाचलं तर बरंच होईल.

ऋतुजा माझी मुलगी. घरात ऋतू. अकरा वर्षांची, सहावीत, आणि कुस्ती खेळते. आम्ही उचगावात राहतो. नवरा प्रकाश लेथ मशिनवर कामाला आहे. लग्नाआधी तो स्वतः पैलवान होता, गुडघ्याने दगा दिला म्हणून सुटलं. जे त्याचं राहिलं ते पोरीनं करायचं, असं त्यानं ती चालायला लागली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मी गावातल्या दूध संकलन केंद्रात बसते. सकाळ-संध्याकाळ माप, फॅट आणि पावती. कुणाच्या दुधात पाणी आहे ते मी तोंडावर सांगते आणि त्यापायी चार घरांशी माझं वाकडं आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा राग आला तर तो योग्य जागी येईल.

ट्रॉली

साखर कारखाने सुरू होते, जानेवारी महिना. ऋतूला सकाळच्या सरावाहून घेऊन प्रकाश मोटरसायकलवरून परत येत होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चमकती पट्टी, गाण्याचा आवाज मात्र अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढा. ओलांडताना मागची ट्रॉली झोल खाऊन बाजूला आली आणि गाडीला घासली. प्रकाशचं कोपर खरचटलं. गाडी ऋतूच्या मांडीवर पडली. ट्रॅक्टरवाला थांबलाही नाही.

मी केंद्रात होते, रांग लागलेली. फोनवर प्रकाश एवढंच म्हणाला, "ये." त्याचा आवाज ऐकून मी गल्ल्याला कुलूपही न लावता निघाले.

दवाखान्यात पोचले तर ऋतू स्ट्रेचरवर. उजवी मांडी फुगून दुप्पट झालेली आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं. ती रडत नव्हती. ओठ चावून रक्त काढलं होतं, पण रडत नव्हती. उशाशी तालमीतले वस्ताद उभे होते आणि म्हणत होते, "शाब्बास. पैलवान रडत न्हाईत." अकरा वर्षांच्या पोरीची मांडी मोडलीय आणि तिला रडायचीही परवानगी नाही. मी वस्तादांना बाजूला सारलं आणि तिला म्हटलं, "रड बाई, मोकळी रड." तरी ती रडली नाही. वस्तादांकडे बघत राहिली.

डॉक्टरांच्या समोर

इथून पुढचं मी अगदी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं.

छोटीशी खोली होती. स्ट्रेचरवर ऋतू, तिच्या डोक्याशी मी, पायाशी प्रकाश, दारात वस्ताद आणि त्यांच्यामागे तालमीतली पाच-सहा माणसं. एवढी माणसं आत कशी सोडली, हा प्रश्न मला आता पडतो. आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेलं की सोबत गल्ली जाते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण समजावून सांगत होते हे कबूल करते. त्यांनी फोटो दाखवला. मांडीचं हाड मधोमध, आडवं मोडलेलं, दोन तुकडे एकमेकांवर चढलेले.

ते म्हणाले, "लहान मूल असतं, चार-पाच वर्षांचं, तर नुसतं प्लॅस्टर करून भागलं असतं. ही मोठी आहे. मोठ्या माणसांना हाडाच्या पोकळीत जाड सळई घालतात, ती या वयात मी टाळतो, खुब्याजवळच्या रक्तपुरवठ्याला धोका असतो. राहिले दोन मार्ग. एक, लवचीक खिळे. गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंनी लहानशी छिद्रं पाडून दोन बारीक खिळे हाडाच्या आतून वर सरकवायचे. दुसरा, प्लेट. मांडीच्या बाजूने लांब चीर, हाडावर पट्टी आणि स्क्रू." मग त्यांनी विचारलं, "वजन किती हिचं?"

"शेचाळीस," प्रकाश म्हणाला.

डॉक्टरांनी ऋतूकडे पाहिलं. "जास्त वाटते."

"खुराक हाय की सायेब. हाड दांडगं हाय तिचं."

"शेचाळीसच," वस्ताद दारातून म्हणाले. "गटात नाव लावलंय तिचं."

"मग बरं," डॉक्टर म्हणाले. "खिळेच घालू. पन्नाशीच्या पुढे असती तर मी प्लेटच म्हटलं असतं. हे खिळे तेवढा भार पेलत नाहीत, वाकतात."

ऋतूचं वजन त्रेपन्न किलो होतं.

हे कसं, ते सांगते. मार्चमध्ये तिच्या कुस्त्या होत्या आणि वस्तादांनी तिचं नाव सेहेचाळीस किलोच्या गटात दिलं होतं. चोपन्नच्या गटात दोन-तीन थोराड मुली होत्या, त्यांच्याशी आत्ताच गाठ नको म्हणून. दोन महिन्यांत सात किलो उतरवायचे होते. दोन दोन स्वेटर घालून पळायचं, रात्रीची भाकरी बंद. दर रविवारी तालमीच्या काट्यावर वजन. आणि हे उतरेपर्यंत बाहेर सगळीकडे सेहेचाळीसच सांगायचं, असं तालमीत चालतं. विरोधकाला खरं वजन कळू नये, आणि आकडा तोंडात बसला की पोरगीही तसंच खाते, असं वस्तादांचं म्हणणं. प्रकाश शाळेत सेहेचाळीस सांगायचा, पाहुण्यांत सेहेचाळीस सांगायचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही त्याच्या तोंडातून तेच निघालं. त्याला खोटं बोलायचंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते तिचं वजन होतंच, फक्त अजून यायचं होतं.

आणि मी? मी डॉक्टरांपासून दोन हातांवर उभी होते. डॉक्टरांचं पन्नाशीचं वाक्य मी स्वच्छ ऐकलं. मागच्याच रविवारी काट्यावर त्रेपन्न आलं म्हणून प्रकाशने तिला दोन फेऱ्या जास्त पळवलं होतं, आणि त्यावरून आमचं भांडण झालं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी गप्प राहिले. एक तर वस्तादांसमोर, सहा बाप्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं होतं, ते जमलं नाही. आणि दुसरं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते असं की लांब चिरेला मी घाबरले होते. दोन छोटी छिद्रं मला हवी होती. पोरीच्या जातीला मांडीवर एवढा व्रण नको, हाही विचार आला. आला होता, लपवून काय करू.

कागदावर सेहेचाळीस लिहिलं गेलं. कुणी काट्यावर ठेवून बघितलं नाही. मोडक्या मांडीचं मूल उभं कसं करणार, असं नंतर मला सांगण्यात आलं.

तीन मांड्या

ऑपरेशन झालं. वॉर्डात आमच्या ओळीत तीन मांड्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने बांधलेल्या. आमची खिळ्यांची. पलीकडच्या कॉटवर पाच वर्षांची आयेशा, छातीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. कोपऱ्यात शाहूवाडीची बारावीतली दिपाली. तिची जखम उघडी होती, हाड बाहेर आलेलं, म्हणून मांडीच्या बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावला होता. रोज ड्रेसिंगच्या वेळी ती पडदा ओढायला सांगायची.

आम्ही बाया दुसरं काय करणार? कुकरच्या कंपन्या तोलून बघाव्यात तसं कुणाचं बरं ते तोलत बसायचो. आयेशाची आई रेश्माभाभी म्हणायची, "तुमचं नशीब चांगलं, ताई. उचलून कुशीवर तरी वळवता. आमच्या बाईला शी लागली की दोन माणसं लागतात, आणि आतून खाज सुटली की रडतेय नुसती." मी मनातून खूश व्हायचे. आमचं सगळ्यात नवीन, सगळ्यात छोटी जखम, चौथ्या दिवशी घरी. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. आयेशाचं प्लॅस्टर दोन महिन्यांनी निघालं आणि ती आता मदरशाच्या पायऱ्यांवरून उड्या मारते. तिच्यासाठी तेच बरोबर होतं, कारण ती पाच वर्षांची आणि पंधरा किलोची होती, आणि ते पंधरा किलो खरे होते.

बाकी वॉर्डातला दिवस सगळ्यांना माहीत असतो. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला झाडू, नऊला डॉक्टर येतात आणि तुम्ही डबा आणायला खाली गेलेल्या असता. भेटायला येणाऱ्यांची तर जत्रा. प्रत्येकाच्या हातात पायाच्या सुपाचा डबा. आमच्याकडे हाड मोडलं की बकऱ्याचे पाय शिजायला लागतात. एका दिवशी पाच डबे जमले, ते आम्ही ओळीत सगळ्यांना वाटले. प्रत्येक माणूस ऋतूच्या पायाकडे बघून तेच विचारायचा, "मार्चपातूर हुईल न्हवं बरं?" पायाची चौकशी नाही, कुस्तीची.

चांगलंही होतं थोडं. वयस्कर सिस्टर होत्या एक. त्यांनी ड्युटी संपल्यावर बसून ऋतूच्या केसांचा गुंता सोडवला आणि दोन वेण्या घालून दिल्या. पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. दिपालीने तिला मोबाइलवर गाणी लावून दिली. रेश्माभाभी मी घरी गेले की रात्र होईपर्यंत दोन्ही मुलींकडे बघायची. ही माणसं नसती तर मी तिथं कुणाचातरी जीव घेतला असता.

वाकलेली मांडी

घरी आलो. ऋतूने पाय टेकायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. नाही टेकला. माझी आई गडहिंग्लजहून आली आणि महिनाभर पोरीच्या कॉटला चिकटून बसली. एकदा वस्ताद तेलाची बाटली घेऊन आले. तालमीत हात-पाय निखळले तर तेच बसवतात. "जरा चोळून देतो, रग निघंल," म्हणाले. आई दारातच आडवी झाली.

"पावणं, बाटली तिकडंच ठेवा. पोरीला हात लावलासा तर बघा."

"आवं आज्जी, चाळीस वर्सं करतोय हे."

"मग चाळीस वर्सं पुरं झाली की. बसा आता घरी."

वस्ताद चहा न घेता गेले. प्रकाश सासूशी दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाय पुसताना मला मांडी वेगळी दिसली. बाहेरच्या अंगाला बाक आल्यासारखी. गुडघ्याच्या आतल्या बाजूला खिळ्याचं टोक कातडीखाली टोचत होतं, तिथे लाल झालेलं. मी दोन्ही पाय जवळ घेतले, तर उजवी टाच डावीच्या वर राहत होती. आईने बघितलं आणि दवाखान्याचे कागद काढायला आत गेली.

पहिल्या दवाखान्यात फोटो काढला. दोन्ही खिळे वाकलेले, हाड तिरकं आणि दोन सेंटिमीटरहून जास्त आखूड झालेलं. डॉक्टर फोटोकडे बघत म्हणाले, "उभी केलीत का तिला?"

"नाही."

"मग पाय टेकवला असेल. मुलं ऐकत नाहीत."

"एकदाही नाही. माझी आई चोवीस तास बसून होती."

"काहीतरी झालं असल्याशिवाय खिळे वाकत नाहीत हो."

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. बघणं असं, की मी आणि माझ्या आईने मिळून पोरीला नाचवलं. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, कुणाची तरी नजर लागली, नृसिंहवाडीला जाऊन या. सगळ्यांना कारण सापडत होतं. ते सेहेचाळीस त्या दिवशीही कुणाच्या तोंडातून निघालं नाही. माझ्याही नाही. खरं कारण माझ्या डोक्यात पूर्ण आलं होतं आणि मी ते गिळून बसले होते, कारण आता बोलायचं म्हणजे त्या दिवशी का नाही बोललीस याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

काट्यावर

आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे बाई डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, आवाज मोठा. त्यांनी जुने कागद चाळले, वाकलेल्या खिळ्यांचा फोटो बघितला, ऋतूकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "हिचं वजन करा."

वॉर्डबॉय म्हणाला, "मॅडम, उभी राहत नाही ती."

"मग बसवून करा. स्टोअरमधला पोत्यांचा काटा आणा."

लोखंडी पाट्याचा काटा आला. आधी रिकामी चाकाची खुर्ची फळीसकट ठेवून आकडा लिहिला. मग ऋतूला खुर्चीत बसवून, पायाखाली तीच फळी देऊन, सिस्टरचा हात पायाला लागणार नाही असं बघून, पुन्हा आकडा. वजाबाकी केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. एवढंच करायचं होतं. पाच मिनिटं आणि एक पोत्यांचा काटा.

"त्रेपन्न," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी जुना कागद प्रकाशसमोर धरला. "इथं सेहेचाळीस आहे. तीन आठवडे झोपून मुलगी सात किलो वाढली?"

प्रकाश खाली बघून म्हणाला, "त्यो कुस्तीचा आकडा हाय."

"म्हणजे?"

"गटातला. खरं त्रेपन्नच हुतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वाटलं आता ओरडतील. त्या हळू आवाजात बोलल्या, ते जास्त लागलं. "कुस्तीत कुणालाही फसवा. मला फसवलंत तर मी चुकीचा खिळा घालते, आणि तो या पोरीच्या हाडात राहतो. पाय न टेकवताही, नुसतं कुशीवर वळवताना एवढ्या वजनाला तो वाकतो. पहिल्या डॉक्टरांनी वजन करायला हवं होतं, ती त्यांची चूक. पण तुम्ही त्यांना आकडा देऊन निश्चिंत केलंत." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

मी "हो" म्हटलं. प्रकाशने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्यांदा

आता वाकलेले खिळे काढायचे, तीन आठवड्यांत चुकीचं जुळू लागलेलं हाड पुन्हा सोडवायचं, सरळ करायचं आणि प्लेट बसवायची. ज्या चिरेला मी घाबरले होते ती आता लागणारच होती, वर रक्ताची बाटली, पुन्हा भूल, पुन्हा पहिल्यापासून. पाय पूर्ण लांबीचा होईल का, विचारलं तर बाई म्हणाल्या, "प्रयत्न करते." मांडी कायमची आखूड, कायमची वाकडी राहिली तर? कुस्ती गेली खड्ड्यात, पण पोरगी लंगडत आयुष्यभर चालेल, आणि प्रत्येक पावलाला मला सेहेचाळीस ऐकू येईल, असं वाटायचं. या भीतीला मी राग म्हणायचे, कारण राग करता येतो.

ऑपरेशन चालू असताना बाकड्यावर आम्ही दोघंच होतो. मी प्रकाशला जे बोलायचं ते सगळं बोलले. तुझ्या राहिलेल्या कुस्त्या तिच्या मांडीवर लादल्यास. वस्तादांसमोर शेपूट घातलंस. बाप आहेस का एजंट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू पण तिथंच हुतीस की. मला न्हाय सुचलं, मी घाबरलतो, पोरगी माझ्या गाडीवरनं पडलीती. तुला सुचलंतं. तू का न्हाय बोल्लीस?"

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही एका घरात राहून एकमेकांशी पोरीच्या औषधापुरतं बोललो. तो रोज संध्याकाळी कामावरून येऊन तिचा पाय उशीवर नीट ठेवायचा आणि तिथेच जमिनीवर बसून राहायचा. माझा राग तेवढ्याने गेला नाही. जायला हवा होता, असं माझी आई म्हणते.

वस्ताद पुन्हा आले नाहीत. कुणाकडून तरी त्यांचं म्हणणं कानावर आलं, की डॉक्टर एवढा शिकलेला, त्याला बघून वजन कळाया नको? हेही अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड होतो. प्रत्येकाकडे अर्धं खरं होतं. डॉक्टरांना शंका आली होती, ते बोलूनही दाखवलं होतं, आणि मग त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला, कारण ते सोपं होतं.

प्लेट बसली. मांडी सरळ झाली. अडीच महिने ऋतू काठ्यांवर होती, मग एक काठी, मग भिंत धरून, आणि जूनमध्ये ती शाळेत चालत गेली. उजवा पाय एक सेंटिमीटर आखूड आहे. बाई म्हणतात वाढत्या वयात भरून निघेल, नाही निघालं तर चपलेत जाड तळ घालायचा. मांडीवर वीतभर व्रण आहे. ती तो हाफ पँटमध्ये बिनधास्त दाखवत हिंडते. मीच बघायचं टाळते.

बाकड्यावर बसलेल्यांना

मला विचाराल खिळे चांगले की प्लेट की प्लॅस्टर, तर मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही, आणि तसा एकच चांगला मार्ग नसतोच, हे मी तीन मांड्या बघून शिकले. मूल किती वर्षांचं, किती वजनाचं, हाड कसं मोडलंय, जखम उघडी आहे का, यावरून ठरतं. खिळे वाईट नाहीत. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या आठ वर्षांच्या मुलीला तेच घातले, दोन महिन्यांत सायकल चालवायला लागली. फक्त डॉक्टरांना जे सांगाल ते खरं सांगा. वजन माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. तालमीचा, पाहुण्यांना सांगायचा, फॉर्मवर भरायचा आकडा घरी ठेवा. आणि त्यांनी काट्यावर ठेवलं नाही तर तुम्ही म्हणा, ठेवा. खुर्चीसकट ठेवा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. खोलीत गल्ली जमली असेल तर आधी गल्लीला बाहेर काढा, मग तोंड उघडा.

इथंपर्यंत लिहून मी थांबले होते. पण ही मांडी ऋतूची, तिला न ऐकवता कुणाला वाचायला देणं बरोबर नाही, म्हणून परवा संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. ती चपातीचा रोल खात ऐकत होती. डॉक्टरांच्या खोलीतला भाग आला तशी तिचं खाणं थांबलं.

"आई, मी म्हणलतो की त्रेपन्न."

"कवा?"

"तितंच. पप्पा शेचाळीस म्हणले तवा. डॉक्टर फोटू बघत हुते. तू माझ्या केसावरनं हात फिरवलास आणि म्हणलीस, मोठी माणसं बोलायल्यात, तू गप पड."

मला हे आठवत नाही. त्या खोलीतलं सगळं आठवतं, डॉक्टरांच्या खिशातलं पेन, प्रकाशच्या कोपराचं रक्त, दारातल्या माणसांचे चेहरे. हे नाही आठवत. पण वाक्य माझंच आहे. दिवसातून चारदा मी ते तिला म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. मी वही मिटली. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसतीच.

"हे पण लिहिणार हाईस?" तिने विचारलं.

"लिहितो."

"मग नीट लिही. दोनदा म्हणलतो मी."

दोनदा म्हणाली होती.